टॉकीज की ओटीटी? वऱ्हाडी भयपट तयार आहे, पुढे काय करावं?

उमरेडरोड:

नमस्कार मंडळी. इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे की आम्ही नागपूरच्या काही मित्रांनी मिळून एक भयपट केला. लांबी ८८ मिनिटं, बोली काटोल-नरखेडकडची, नट बहुतेक पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांचे, पैसा आमचा आणि एका मामांचा. मामांना अजून वाटतं की आपण लघुपटाला पैसे दिले.

गोष्ट थोडी सांगावी लागेल, नाहीतर अडचण कळणार नाही. आंबिया बहाराची संत्र्याची बाग, पाणी तोडून ताणावर सोडलेली. अशी बाग ज्यांनी जवळून पाहिली नाही त्यांना कल्पना यायची नाही. पानं मुडपून पिवळी पडतात, आळ्यात भेगा जातात, झाडं गेलीच असं वाटतं. आमचा नायक ताण तोडायचं पहिलं पाणी द्यायला रात्रीच्या लाइनीवर, म्हणजे शेतीची वीज येते त्या वेळेला, एकटा बागेत जातो. विहिरीवरची मोटर आपोआप सुरू होते. बघणाऱ्याला वाटतं, स्टार्टरला ऑटो (लाइन आली की मोटर आपोआप सुरू करणारा डबा) लावला असेल. तो ऑटो त्याने संध्याकाळीच काढून खिशात ठेवलेला असतो.

सगळा सिनेमा असा कानावर चालतो. भूत फारसं दिसत नाही. एक तर बजेट नव्हतं, आणि दिसलेलं भूत दुसऱ्यांदा घाबरवत नाही असं माझं मत आहे.

आता अडचण. एका ओटीटीवाल्यांनी विचारणा केली आहे. आगाऊ रक्कम शून्य, जेवढी मिनिटं बघितली जातील त्याप्रमाणे वाटा, करार लांब मुदतीचा, सगळे हक्क त्यांच्याकडे. दुसरा रस्ता म्हणजे विदर्भातल्या थोड्या पडद्यांवर स्वखर्चाने एक आठवडा. ग्रुपमधे दोन तट पडले आहेत. मी टॉकीजच्या बाजूचा आहे, पण हिशोब मांडला की माझी बाजू टिकत नाही.

जाणकारांनी बोलावं. अजाणकारांनीही बोलावं, तिकीट शेवटी तेच काढतात.

---

रिकामटेकडा:

भूत शेवटी लाइनमन निघते का बे? आमच्या गावात रात्री दोनला लाइन येते अन् साडेतीनला जाते, याहून मोठं हॉरर तुम्ही काय दाखवणार?

---

सीपी_बेरार:

उमरेडरोड, बाळा, मी या धंद्यात आयुष्य घालवलं, म्हणून जरा लांबण लावतो.

नव्या लोकांना ठाऊक नसेल, पण सिनेमाच्या नकाशावर विदर्भ अजूनही 'सी.पी. बेरार' (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) सर्किटमधे, म्हणजे वितरणाच्या विभागात, येतो. प्रांत जाऊन जमाना झाला, नाव फक्त वितरणाच्या वहीत उरलं. आमच्याकडच्या वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीत असत. शुक्रवारच्या सिनेमांच्या रिळांच्या पेट्या तिथून निघायच्या.

त्या काळात भूतपट हा आमचा हक्काचा माल होता. मोठा हीरो नको, परदेशातलं गाणं नको. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' १९८४ साली आला आणि मोठमोठ्या नटांच्या सिनेमांसमोर धो धो चालला. का चालला? आडगावातल्या टॉकीजला तो परवडायचा, आणि पोरं एकमेकांची जिरवायला दोन-दोनदा यायची. पिटात बसून पडद्यावरच्या भुताला शिव्या घालणे यासारखी मजा नव्हती. आता जानकी, पंचशील, लिबर्टी, राजविलास ही नावं काढली की आमच्या वयाचे लोक लगेच पिक्चरची नावं सांगायला लागतात. तरुण पोरांना ते चौक वाटतात.

आता आजचं. पेटी गेली, हार्ड डिस्क आली. डीसीपी (टॉकीजच्या प्रोजेक्टरला लागणारी डिजिटल प्रत) बनवा, ती उघडायची किल्ली वेगळी, त्यावर दर पडद्याला डिजिटल प्रोजेक्शनचं भाडं वेगळं. हे सगळं निर्मात्याच्या खिशातून. मल्टिप्लेक्सवाल्यांशी २००९ साली हिंदी निर्मात्यांचं मोठं भांडण झालं, दोन महिने नवे सिनेमे लागले नाहीत. त्यातून वाटणी ठरली : निर्माता-वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. तुमच्यासारख्याला दुसरा आठवडा दिसणारच नाही, तेव्हा पहिली ओळच वाचा. आणि त्या पहिल्या आठवड्यात शो कोणता मिळेल? सकाळी पावणेबाराचा. भुताचा सिनेमा पावणेबाराला बघून माणूस बाहेर टळटळीत उन्हात येतो. नागपूरच्या उन्हात भूत टिकतं का?

आणखी एक मेख. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या हिंदी सिनेमाकडून टॉकीज आणि ओटीटीमधे आठ आठवड्यांचं अंतर मागतात. मराठीला काय लावतात ते आधी विचारून घ्या. नाहीतर इकडे ओटीटीची तारीख देऊन बसाल आणि तिकडे पडदा मिळणार नाही.

सेन्सॉर झालं का? जनावर आहे का सिनेमात?

---

उमरेडरोड:

काका, बैलजोडी आहे आणि एक कुत्रं. प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधीच काढली होती, ती एक फाइल बरी आहे. सेन्सॉर अजून नाही. यूए १६+ मिळेल असं वाटतं. 'ए' मिळालं तर टीव्हीवाले हातच लावणार नाहीत.

---

मृदुला_धंतोली:

टॉकीजच्या आठवणी वाचायला छान वाटतात. मी मात्र हॉरर घरीच बघते आणि मला त्याची अजिबात लाज नाही.

रात्री सव्वानऊचा शो बाराला सुटतो, तोपर्यंत मेट्रो बंद. दोन मैत्रिणी मिळून जायचं म्हटलं तरी परत कसं यायचं याचा विचार इंटरव्हलपासून सुरू. शेजारच्या रांगेत पोरांचा कळप, घाबरण्याच्या प्रसंगी मुद्दाम हसणारा. तुमच्या त्या मोटरच्या आवाजाच्या वेळी कुणीतरी 'अबे बिल भर' असं ओरडणार, लिहून देते.

घरी दिवा बंद, कानात हेडफोन, सगळे झोपलेले. भीती वाटायला याहून चांगली जागा कोणती? 'लपाछपी' टॉकीजमधे २०१७ ला आला तेव्हा माझ्यापर्यंत पोचलाच नाही. कधी आला, कधी गेला, कळलं नाही. नंतर घरी बघितला आणि त्या उसाच्या फडाने झोप उडवली.

---

पुस्तककिडा:

+१. नारायण धारप कुणी सभागृहात बसून वाचलेत का? रात्री पांघरुणातच वाचले ना?

जाता जाता विदर्भाच्या वाचकांसाठी एक गोष्ट. 'तुंबाड'चे दिग्दर्शक राही बर्वे यांना धारपांची एक गोष्ट एका मित्राने १९९३ मधे सांगितली होती, आणि ती नागझिऱ्याच्या जंगलात. भीतीचं बी आपल्याकडेच पडलं, पीक कोकणात निघालं.

---

सीपी_बेरार:

किडेसाहेब, तुंबाडचं नाव काढलंच आहे तर पुढचंही सांगा. २०१८ च्या ऑक्टोबरमधे आला तेव्हा टॉकीजमधे जेमतेम चालला. मग लोकांनी तो घरी, मोबाइलवर, मिळेल तिथे बघितला. २०२४ च्या सप्टेंबरमधे पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला. म्हणजे घरी बघितलेले लोकच तिकीट काढून परत आले. ते का आले, हे मृदुलाताईंनी सांगावं.

---

मृदुला_धंतोली:

आले कारण तोपर्यंत खात्री झाली होती की पैसे वाया जाणार नाहीत. मीही गेले होते. दुपारच्या शोला :)

---

साउंडवाला:

मी सिनेमाच्या आवाजाचं मिक्सिंग करतो, म्हणून मला या वादात कोण बरोबर यापेक्षा त्या मोटरची काळजी पडली आहे.

उमरेडरोडभाऊ, तुमची मोटर ज्या घरघरीने घाबरवते ती ५० ते १०० हर्ट्झच्या आसपास असणार. टॉकीजमधे ती खुर्चीतून पाठीला लागेल. फोनच्या स्पीकरला एवढं खालचं वाजवताच येत नाही. म्हणजे तुमचा नायक दचकून मागे वळेल आणि फोनवर बघणाऱ्याला प्रश्न पडेल, याला झालं काय? अख्खा सिनेमा कानावर उभा आहे म्हणता, तर फोनवर त्याचा पायाच निघून जातो.

उपाय आहे. त्या घरघरीला थोडं सॅच्युरेशन (मुद्दाम दिलेला खरखरीतपणा) देऊन वरचे हार्मोनिक्स, म्हणजे त्याच सुराच्या पटीतले सूर, काढायचे. मूळ सूर वाजला नाही तरी वरचे ऐकून मेंदू खालचा भरून काढतो. पण हे त्याच मिक्सवर करू नका, टॉकीजमधे ते कर्कश लागेल. दोन मिक्स लागतील, एक ५.१ (टॉकीजच्या चहूबाजूंच्या स्पीकरसाठी) आणि एक स्टीरिओ, आणि स्टीरिओवाला हजार-बाराशेच्या इअरफोनवर बसून ऐकायचा.

आता दचक्यांचं. टॉकीजमधे आवाजाची पातळी ठरलेली असते, बघणाऱ्याच्या हातात काही नसतं. शांतता खरोखर शांत ठेवता येते. घरी काय होतं? कुजबुज ऐकू येत नाही म्हणून माणूस आवाज वाढवतो, आणि पुढच्या क्षणी तुमचा दचका येतो तो थेट शेजारच्या खोलीतल्या आईपर्यंत. तो बटण खाली करतो आणि मग सिनेमाभर खालीच ठेवतो. खेळ खलास. नेटफ्लिक्स म्हणूनच संवादांच्या आवाजाची सरासरी पातळी उणे २७ एलकेएफएसच्या आसपास मागतं आणि सगळ्यात मोठा आवाज उणे २ डेसिबलच्या वर जाऊ देत नाही. यूट्यूब मोठा आवाज खाली ओढतं, लहान वर उचलत नाही. तुम्हाला विचारणाऱ्यांची मोजमापं काय आहेत ते लेखी मागा. त्यांच्याकडे अशी मोजमापंच नसतील तर तेवढ्यावरून कळेल की ते सिनेमा घेत आहेत की गोदाम भरत आहेत.

चित्राचंही तसंच. रात्रीची बाग, एक बल्ब, बाकी काळोख. कमी बिटरेटला (नेट मंद असलं की) त्या काळोखाचे चौकोन पडतात आणि धुक्याच्या जागी पट्टे दिसतात. काळा जरा वर उचलून वेगळं ग्रेड करा आणि स्वस्तातल्या फोनवर, दिवसा, खिडकीशेजारी बसून बघा. तिथे दिसलं तर सगळीकडे दिसेल.

दोन बारीक गोष्टी, ज्यांचा कुणी विचार करत नाही. एक, खालची पट्टी बोटाने सरकवली की छोटी चित्रं दिसतात. भूत तिथेच आधी दिसतं. तुमचं भूत कमी दिसतं, हा तुमचा फायदा. दोन, उपशीर्षकं. 'मोटर सुरू होते' ही ओळ आवाजाच्या अर्धा सेकंद आधी पडली की भीती संपली. वेळा स्वतः बसून लावा, दुसऱ्यावर सोडू नका.

---

उमरेडरोड:

साउंडवाला, तुमच्या घरी तर्री-पोहे घेऊन येतो. उपशीर्षकांचं खरंच डोक्यात नव्हतं आलं.

पण मग माझा मूळ मुद्दा पक्का होतो की नाही? भीतीला ओलीस धरलेला माणूस लागतो. हातात बटण आलं की तो सुटला.

---

साउंडवाला:

अर्धाच पक्का होतो. कॅनडातला 'स्किनामारिंक' घ्या. दिग्दर्शकाने स्वतःच्या लहानपणीच्या घरात केला, खर्च सुमारे १५,००० डॉलर. २०२२ मधे एका महोत्सवाच्या ऑनलाइन प्रतीतून फुटला, लोकांनी लॅपटॉपवर अंधारात बघितला आणि इंटरनेटभर त्याची चर्चा झाली. त्या चर्चेच्या जोरावर २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या टॉकीजमधे लागला आणि वीस लाख डॉलरच्या आसपास कमावून गेला. मग फक्त हॉररसाठी असलेल्या 'शडर' या ओटीटीवर आला. त्याच शडरवर २०२० च्या लॉकडाउनमधे 'होस्ट' आला होता, सगळा व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर घडणारा. तो लॅपटॉपवरच बघायचा सिनेमा आहे, टॉकीजमधे उलट फिका पडेल.

म्हणजे काही भीती लहान पडद्यासाठीच जन्मते. तुमची तशी नाही. तुमची पाठीला लागणारी आहे.

---

रिकामटेकडा:

आपल्याकडे फक्त हॉररचं ओटीटी काहून नाही? मराठीत अर्धा दिवस तर लोक भुताच्या गोष्टीच सांगून राहिले असतात.

---

विवेक_वर्धा:

सगळे तंत्रावर बोलत आहेत, मी वेगळं विचारतो. भूत कोण आहे? बाई आहे का?

आपल्या भागात गावाने एखाद्या बाईला करणी करणारी ठरवायचं आणि मग तिचे हाल करायचे, हे पडद्यावरचं नाही, प्रत्यक्षातलं आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच नाही आला. कथा सांगायला कायद्याची हरकत नाही, मलाही नाही. पण टॉकीजमधे दोनशे लोकांनी एकत्र बसून 'हिनेच केलं' म्हणून टाळ्या वाजवल्या तर तो अनुभव वेगळा, आणि घरी एकट्याने बघितलं तर वेगळा. या धाग्यात ओलीस धरण्याचं इतकं कौतुक चाललं आहे म्हणून म्हटलं.

---

उमरेडरोड:

विवेकदादा, प्रश्न रास्त आहे. गाव एका बाईकडे बोट दाखवतं, हो. ती भूमिका गडचिरोलीतल्या वडशाच्या एका ज्येष्ठ नटीने केली आहे. भूत ती बाई नाही, एवढंच सांगतो. कोण आहे ते सांगितलं तर तुम्ही तिकीट काढणार नाही. टाळ्या वाजवणाऱ्याला दहा मिनिटांनी त्या परत घ्याव्याशा वाटाव्यात, असं लिहायचा प्रयत्न केला आहे. जमलं का, ते तुम्ही पहिल्या शोला येऊन तोंडावर सांगा.

---

विवेक_वर्धा:

येतो. फुकट पास नको, तिकीट काढतो.

---

झाडीपट्टीकर:

मी वडशाचा. एक गोष्ट कोणीच बोलून नाही राहिलं म्हणून लिवतो.

आमच्याकडं दिवाळी झाली का गावोगावी मंडई म्हंजे जत्रा भरते अन् रातभर नाटक. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर. थंडीत घोंगडं घेऊन माणूस दहा वाजता बसते अन् उजाडल्यावर उठते. गावातलं मंडळ नाटकवाल्याशी ठरवून प्रयोग घेते, ठरलेला पैसा नाटकवाल्याले, तिकीट मंडळ विकते. लोकं यायचे का नाही याची जोखीम मंडळाची, तुमची नाही जी. अन् मंडळ काही डुबत नाही, कारण त्या रातच्याले पाव्हणे घरोघरी आलेले असतात.

तुमचे नट झाडीपट्टीचे म्हणता. आमच्या लोकायले ते तोंडओळखीनं माहीत आहेत. पोस्टरवर त्यायचं नाव मोठं टाका. मंडपात पडदा, चांगला प्रोजेक्टर अन् नाटकवाल्याचाच साउंड. ते स्पीकरचे डबे काय वाजते ते साउंडवाल्याले इच्यारा. भूत, रात, शेत अन् मंडप. याहून काय पाह्यजे?

---

साउंडवाला:

झाडीपट्टीचे डबे मी ऐकले आहेत. मोटर वाजेल. गावच्या विहिरीवरच्या मोटरीपण लाजतील.

---

सीपी_बेरार:

झाडीपट्टीकर, तुम्ही आमच्या धंद्याचं मूळच सांगितलंत. टूरिंग टॉकीज असंच चालायचं. फक्त उमरेडरोडने एक ध्यानात ठेवावं : जाहीर प्रदर्शन म्हटलं की सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतंच, मल्टिप्लेक्स असो की मंडप. तात्पुरत्या खेळाचा स्थानिक परवानाही काढावा लागेल. ओटीटीला तेवढी कटकट नाही, तिथे २०२१ च्या नियमांप्रमाणे वयाचा शिक्का प्लॅटफॉर्म स्वतःच मारतो. पण अनुदानाचा अर्ज करायचा असेल तरी सेन्सॉर हवंच. तेव्हा तो अर्ज आधी टाका. नागपुरात कचेरी नाही, पण आता सगळं ऑनलाइन आहे.

---

वकील_सिव्हिललाइन्स:

उशिरा आलो. टॉकीज की ओटीटी हे नंतर बघा, आधी तो करार वाचा. 'सगळे हक्क त्यांच्याकडे' हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, मी तिथेच थांबलो.

मृदुलाताईंनी 'लपाछपी'चं नाव घेतलं. त्याच दिग्दर्शकाने, विशाल फुरियांनी, तो २०२१ मधे हिंदीत 'छोरी' म्हणून पुन्हा केला आणि तो थेट प्राइम व्हिडिओवर आला. त्याच वर्षी त्यांचा मराठी 'बळी'ही टॉकीजला बगल देऊन तिथेच आला. गुजरातीतला 'वश' २०२३ चा, त्यावरून २०२४ मधे हिंदी 'शैतान' झाला. छोट्या भाषेतल्या भयपटाचा मोठा पैसा बरेचदा मूळ सिनेमात नसतो, तो पुन्हा करण्याच्या हक्कात असतो. तुमची बागेतली गोष्ट उद्या कुणी द्राक्षाच्या किंवा सफरचंदाच्या बागेत नेली तर चेक कुणाच्या नावाने निघेल? आजच्या मसुद्याप्रमाणे ओटीटीवाल्यांच्या.

त्यामुळे रीमेक, पुढचा भाग आणि डबिंग हे तीन हक्क बाहेर काढा. मुदत ठरावीक वर्षांची हवी. 'कायमस्वरूपी' हा शब्द दिसला की लाल पेन. शून्य आगाऊ रकमेत एकाधिकार देऊ नका. एकाधिकार हवा असेल तर रक्कम टेबलावर ठेवा म्हणावं. मिनिटांचा हिशोब दर तिमाहीला लेखी आणि तपासायचा हक्क तुम्हाला. आणि टॉकीज, मंडप, महोत्सव यांचे खेळ कराराच्या मुदतीतही करता येतील, असं एक कलम घाला.

शिवाय संगीत आणि इफेक्टचा ट्रॅक संवादांपासून वेगळा जपून ठेवा. तो नसेल तर डबिंगचा हक्क असून उपयोग नाही.

---

साउंडवाला:

+१००. त्या ट्रॅकवाचून रडणारे निर्माते महिन्याकाठी भेटतात.

---

उमरेडरोड:

सगळ्यांचे आभार. काल ग्रुपची बैठक झाली. मामाही होते, त्यांना आता लांबी कळली आहे. 'एवढ्यात दोन लघुपट झाले असते' एवढंच म्हणाले.

ठरलं ते असं. ओटीटीवाल्यांना वकीलसाहेबांचे मुद्दे पाठवले, उत्तर यायचं आहे. नाही म्हणाले तर दुसरं दार बघू. सेन्सॉरचा अर्ज या आठवड्यात. एक आठवड्याचं प्रदर्शन रद्द. त्याऐवजी नागपुरात एक पडदा, एक रात्र भाड्याने. 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी'वाल्यांनी २००९ मधे तेच केलं होतं : आमच्या शहरात दाखवा अशी मागणी लोकांकडून आधी गोळा केली, मग पडदे वाढवत नेले. आम्हीही आधी नावं घेऊ, हॉल भरण्याइतकी झाली की तारीख. मृदुलाताई, खेळ संध्याकाळी साडेसहाला ठेवतो आहे, शेवटची मेट्रो मिळेल. जानेवारीत तेव्हा अंधारही पडलेला असतो.

मंडईचं या मोसमासाठी उशीर झाला, पण झाडीपट्टीकरांनी दोन मंडळांचे नंबर दिले आहेत, होळीच्या आत एक खेळ तरी करून बघतो.

---

मृदुला_धंतोली:

साडेसहा चालेल. माझी तीन नावं लिहा. आणि तो हसणारा कळप मागच्या रांगेत बसवा.

---

रिकामटेकडा:

कळपाची चार लिहून घे. इंटरव्हल आहे का? समोसे कोण आणते?

---

सीपी_बेरार:

८८ मिनिटांत इंटरव्हल ठेवू नका. हॉलवाले मागतील, त्यांचा धंदा त्यावर आहे. तिथे भांडा.

---

उमरेडरोड:

काका, हॉलवाल्याशी बोलायला तुम्हीच चला. बुधवारी अकराला, पंचशील चौकात भेटतो.